सलग सहा महिने

चॅरिटी बटलर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एकूण किती दिवस राहिली, याचा हिशेब १८२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात झाला. दोनशे वर्षं उलटली तरी तो हिशेब माझ्या मनातून जात नाही. चॅरिटी शेजारच्या मेरीलँड राज्यातली गुलाम बाई, नवरा हेन्री मात्र स्वतंत्र माणूस. मेरीलँडमध्ये माणसाची खरेदी-विक्री कायद्याला मान्य होती. तिथून उत्तरेकडची सीमा ओलांडली की कायदा बदलायचा. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामी टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला होता आणि त्यात परराज्यातून येणाऱ्या मालकांसाठी एक कलम होतं: घरकामाचा गुलाम बरोबर आणलात तर चालेल, पण सहा महिन्यांहून जास्त ठेवलात तर तो मोकळा. चॅरिटी ज्या घरात राबत होती तिथली बाई तिला घेऊन सीमेपलीकडे येई, काही दिवस राही, परत जाई, पुन्हा येई. या खेपांचे दिवस एकत्र धरले तर सहा महिने भरत होते. कुठलीही एक खेप सुटी धरली तर भरत नव्हते.

तिची आणि तिच्या मुलांची सुटका एवढ्यावर अडली होती. तिच्यावर मालकी सांगणाऱ्या डेलाप्लेनचा वकील गेटिसबर्गचा, २९ वर्षांचा, नुकतंच नाव कमवायला लागलेला. त्याचं म्हणणं असं की कायद्यातले सहा महिने म्हणजे सलग सहा महिने. मूळ कलमात ‘सलग’ हा शब्द नव्हता. पण वकिली नजरेने पाहिलं तर मुद्दा बिनतोड आहे. तुकडे जोडायची मुभा दिली तर दरवर्षी पंधरा दिवस पाहुणा म्हणून येणाऱ्या मालकाचा गुलाम तेराव्या वर्षी मोकळा होऊन बसेल, आणि कायदा करणाऱ्यांच्या मनात असं काही होतं म्हणायला आधार नाही. न्यायालयाला ते पटलं. दिवस जोडायचे नाहीत असं ठरलं. चॅरिटी मुलांसह गुलामीत परत गेली.

त्या वकिलाचं नाव थॅडियस स्टीव्हन्स.

ज्यांना हे नाव माहीत आहे ते दचकतील. अमेरिकन काँग्रेसमध्ये गुलामीचा याच्याइतका कडवा वैरी दुसरा झाला नाही. लिंकनसुद्धा सावकाश चालतो म्हणून त्याच्यामागे टुमणं लावणारा, दक्षिणेतल्या जमीनदारांना ज्याच्या नावाने कापरं भरायचं तो हा माणूस. त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगताना चॅरिटीचं प्रकरण तरुणपणची चूक म्हणून दोन ओळींत उरकता येतं. मला तसं उरकावंसं वाटत नाही. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांत त्याने जे काही केलं ते याच हत्यारांनी केलं: कलमातली फट ओळखायची, शब्द कुठवर ताणता येतो ते पाहायचं, नियमाची पायरी आधी कोण चढतो यावर लक्ष ठेवायचं. ही हत्यारं त्याने पहिल्यांदा एका बाईविरुद्ध परजली, हे विसरून पुढचं वाचता येत नाही.

सीमेचा उपयोग त्याला आधीपासून ठाऊक होता. १७९२ साली व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलला जन्म, एक पाऊल जन्मतःच वाकडं. बाप चांभारकाम करायचा, दारू प्यायचा आणि एक दिवस घर सोडून गेला. आई सारा हिने लोकांची कामं करून चार मुलं वाढवली आणि या लंगड्या मुलाला शेत झेपणार नाही म्हणून शिकवलं. डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन तो पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला शाळेत मास्तर झाला आणि रात्री कायदा वाचू लागला. तिथल्या वकिलांनी नियम काढला की शिकत असताना दुसरा धंदा करणाऱ्याला सनद मिळणार नाही. स्टीव्हन्स घोड्यावर बसून मेरीलँडमधल्या बेल एअरला गेला, तिथे परीक्षा दिली, तिथली सनद घेतली आणि १८१६ साली गेटिसबर्गला येऊन पाटी लावली. गेटिसबर्गपासून मेरीलँडची सीमा सोळा-सतरा किलोमीटर. अशा गावात पळून आलेल्या गुलामांचे आणि त्यांना शोधत आलेल्या मालकांचे खटले ठरलेलेच, आणि फी देऊ शकणारा पक्ष कुठला हेही ठरलेलंच.

चॅरिटीच्या निकालानंतर दोन वर्षांनी, ४ जुलै १८२३ ला, स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत त्याने पेला उंचावून म्हटलं की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा स्वतंत्र माणूस असो, ज्याने कधी गुलामाच्या पायात बेडी ठोकलेली नाही. तेव्हापासून तो मालकांच्या बाजूने उभा राहिला नाही. गेटिसबर्गात आणि नंतर लँकेस्टरमध्ये पळून आलेल्यांचे खटले फुकट लढवत राहिला, आणि काही वेळा मालकाला पैसे मोजून माणूस सोडवला. त्या पेल्यामागे चॅरिटी होती असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

राजकारणात त्याचं पहिलं मोठं काम शाळेचं. पेनसिल्व्हेनियात १८३४ साली सार्वजनिक शाळांचा कायदा झाला होता: गावाने कर बसवायचा, राज्याने भर घालायची, मूल कुणाचंही असो, फी नाही. वर्षभरात लोक खवळले. ज्यांची मुलं मोठी झाली ते म्हणू लागले आम्ही का भरायचं. ज्यांच्या चर्चच्या शाळा होत्या ते म्हणू लागले दोनदा का भरायचं. हजारो सह्यांचे अर्ज आले आणि वरिष्ठ सभागृहाने कायदा मोडीत काढायचा ठराव करूनही टाकला. त्याच्या जागी जुनीच पद्धत आणायची होती. त्यात आईबापांनी आपण गरीब आहोत असं नाव नोंदवून सांगायचं, मग त्या मुलांची फी जिल्हा भरणार. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गच्या सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला की या विधेयकाचं खरं नाव ‘गरिबांना डाग देऊन ओळखू येतील असे करण्याचा कायदा’ असं ठेवा. करदात्याला त्याने साधा सवाल केला: तुरुंगासाठी तुम्ही निमूट कर भरता, तिथे तुमचं कुणी नसलं तरी भरता, मग माणूस तुरुंगात जाऊच नये यासाठी भरताना का ओरडता? मतं फिरली, कायदा वाचला. या भाषणात त्याने आईचं नाव घेतलं नाही, पण वहीत नाव लिहिलेल्या गरिबाचं तोंड कसं होतं हे त्याला व्हरमाँटपासून ठाऊक होतं. पुढे पैसा आल्यावर त्याने आईला अडीचशे एकरांचं शेत आणि चौदा गाई घेऊन दिल्या. अधूनमधून एक सोन्याचं नाणं द्यायचा, ते ती बॅप्टिस्ट चर्चच्या पेटीत टाकायची. आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद हाच, असं तो सांगे.

तीन वर्षांनी राज्याची घटना नव्याने लिहिली गेली. जुन्या घटनेत मतदार ‘स्वतंत्र पुरुष’ होता. नव्या मसुद्यात त्याच्या आधी ‘गोरा’ हा शब्द घातला गेला. स्टीव्हन्स त्या परिषदेचा सभासद होता. त्याने सही केली नाही. एक शब्द घातला की माणसं गाळली जातात, हे त्या सभागृहात त्याच्याइतकं कुणाला कळत असणार?

१८४२ मध्ये तो लँकेस्टरला आला, कर्ज फेडायला. गेटिसबर्गजवळ डोंगरात त्याने लोखंडाच्या भट्ट्या घातल्या होत्या, त्यांत दोन लाख डॉलरच्या वर बुडाला होता. वकिली करून त्याने ते फेडलं. (कॅलेडोनिया नावाची त्यातली भट्टी, दक्षिणेतली राज्यं फुटून निघाल्यावर झालेल्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईआधी चार-पाच दिवस, जून १८६३ मध्ये, दक्षिणेच्या जुबल अर्ली या सेनापतीने मुद्दाम जाळली. स्टीव्हन्सने लिहिलं की सगळ्या देशात सरकार परत उभं राहिलं आणि गुलामीचा मागमूस उरला नाही, तर हा सौदा स्वस्त समजेन.) लँकेस्टरच्या घरात पुढे लिडिया हॅमिल्टन स्मिथ घर सांभाळायला आली. मिश्रवर्णी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलांची आई, मूळची गेटिसबर्गकडची. वीसहून अधिक वर्षं ती त्या घरात होती. स्टीव्हन्स तिला ‘मिसेस स्मिथ’ म्हणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही तसंच म्हणावं असा त्याचा दंडक. काळ्या बाईला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायचा तो काळ होता. लोक कुजबुजत, विरोधी वर्तमानपत्रं छापत, तो उत्तर देत नसे. लिडियाने व्यवहार केला, घरं विकत घेतली, स्वतःच्या नावावर मालमत्ता केली. गेटिसबर्गच्या लढाईनंतर तिने घोडागाडी भाड्याने घेऊन गावोगाव अन्न-कपडे जमवले आणि दोन्ही बाजूंच्या जखमींना वाटले असं सांगतात.

या घराच्या मागच्या अंगणात २००२-०३ च्या सुमारास पुरातत्त्वाच्या लोकांनी खणलं तेव्हा विटांचा एक जुना पाण्याचा हौद सापडला. हौदाच्या भिंतीला फोडून शेजारच्या दारूगुत्त्याच्या तळघराकडे वाट काढलेली. साठवणीच्या हौदाला भोक पाडणारा माणूस पाणी साठवत नसतो. पळून आलेल्यांना इथे लपवत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. लपवणं काही लहानसहान नव्हतं. १८५० च्या पळालेल्या गुलामांच्या कायद्याने मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. प्रकरण जूरीपुढे जात नसे, एक आयुक्त कागद बघून ठरवे. माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. आणि ज्याच्यावर हे सगळं चाललेलं, त्या माणसाची स्वतःची साक्ष ग्राह्य नाही. स्वतःबद्दल त्याने काहीही सांगितलं तरी तो पुरावा नव्हे, असं कायद्यातच लिहिलेलं.

या कायद्याचा पहिला मोठा स्फोट लँकेस्टर जिल्ह्यातच झाला. ११ सप्टेंबर १८५१ ला पहाटे मेरीलँडचा एडवर्ड गॉर्सच वॉरंट, मार्शल आणि माणसं घेऊन ख्रिस्तियाना गावाजवळ विल्यम पार्करच्या दगडी घरापुढे आला. पार्कर स्वतः पळून आलेला. चकमकीत गॉर्सच मेला, पार्कर कॅनडाला निसटला. सरकारने सुमारे चाळीस जणांवर थेट राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर. त्याचा गुन्हा असा की तो घोड्यावरून तिथे आला आणि मार्शलने ‘मदत कर’ म्हटल्यावर नाही म्हणाला. खटला फिलाडेल्फियात चालला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या इमारतीत संमत झाला तिच्याच वरच्या मजल्यावर. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता, पण पुढची खुर्ची त्याने जॉन रीड या डेमोक्रॅट वकिलाला दिली. आपला चेहरा बघून जूरी बिथरेल, हे त्याने ओळखलं. ‘मदत न करणं’ आणि ‘राज्याविरुद्ध युद्ध पुकारणं’ यांतलं अंतर ते जूरीपुढे मोजत राहिले. पंधरा मिनिटांत ‘निर्दोष’ असा निकाल आला. बाकीच्यांवरचा राजद्रोहाचा आरोपही मग टिकला नाही.

यानंतरची त्याची काँग्रेसमधली वर्षं पुस्तकांत भरपूर सापडतात. युद्धकाळात तो अर्थविषयक समितीचा अध्यक्ष होता, नोटा, कर, कर्ज सगळं त्याच्या टेबलावरून जाई. जानेवारी १८६५ मध्ये गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी निघाली. ते सगळं सोडून मला एकाच दुपारपाशी थांबायचंय. ४ डिसेंबर १८६५.

युद्ध संपून आठ महिने झालेले, लिंकन गेलेला. नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेला झटपट माफी देऊन निवडणुका घेऊ दिल्या होत्या आणि निवडून आले होते ते बंडखोर फौजेचे सेनापती, बंडखोर काँग्रेसचे सभासद. तिकडे मिसिसिपीने नुकतेच नवे कायदे केले होते. अठरा वर्षांवरच्या काळ्या माणसाकडे जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी रोजगार नसेल तर तो उनाड ठरणार, पन्नास डॉलरपर्यंत दंड, आणि पाच दिवसांत भरला नाही तर दंड भरणाऱ्याकडे त्याला कामाला जुंपायचं. गावाबाहेर जमीन भाड्यानेही घ्यायची नाही. गुलामी गेली आणि तिच्या जागी हे आलं. दक्षिणेचे सभासद खिशात निवडून आल्याची प्रमाणपत्रं घेऊन सभागृहात बसले होते. एकदा हजेरी घेतली गेली की ते सभासद, आणि मग त्यांना बाहेर काढणं महाकठीण.

पण हजेरी घेतं कोण? नव्या सभागृहाला सभापती निवडून होईपर्यंत मागच्या सभागृहाचा क्लार्क काम चालवतो. हजेरीपट तोच तयार करतो. कुणाची प्रमाणपत्रं नियमात बसतात ते पाहायचा अधिकार १८६३ च्या कायद्याने त्याच्याकडे होता. क्लार्क होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्या तालमीतला. मॅकफर्सन नावं वाचत गेला आणि बंड केलेल्या राज्यांची पानं ओलांडून पुढे गेला. टेनेसीचा होरेस मेनार्ड प्रमाणपत्र हातात घेऊन उठला. बिचारा युद्धभर संघराज्याशी इमान राखलेला माणूस, कुणालाही त्याची दया यावी. क्लार्क म्हणाला, हजेरी चालू असताना मध्ये बोलता येणार नाही. हजेरी संपल्यावर तरी मेनार्डने कुठल्या हक्काने बोलायचं? पटावर नाव नाही, म्हणजे सभासद नाही. आक्षेप घ्यायला सभासद असावं लागतं आणि सभासद व्हायचं तर पटावर नाव लागतं. न्यूयॉर्कच्या ब्रूक्सने क्लार्कला जाब विचारला तेव्हा मॅकफर्सन कारणं सांगायला तयार होता. स्टीव्हन्स जागेवरूनच म्हणाला, गरज नाही, आम्हाला सगळं ठाऊक आहे.

मला हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी चॅरिटी आठवते. तीच बुद्धी, तीच पकड. बाजू तेवढी बदललेली.

त्याच दिवशी स्टीव्हन्सने नऊ प्रतिनिधी आणि सहा सिनेटर (वरिष्ठ सभागृहाचे सभासद) अशा पंधरा जणांची संयुक्त समिती नेमायचा ठराव आणला, आणि दक्षिणेच्या प्रवेशाचा प्रश्न तिच्याकडे गेला. त्यांच्यापुढे एक विचित्र गणित होतं. जुन्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरत. आता गुलाम उरले नाहीत, म्हणजे पाचाचे पाच धरायचे. सुमारे चाळीस लाख लोक. आधी चोवीस लाख मोजले जायचे, आता पुरे चाळीस लाख. त्यांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेला जास्तीच्या जागा. बंड हरलेल्यांना हरल्याचं बक्षीस. चौदाव्या दुरुस्तीचं दुसरं कलम याच्यासाठी लिहिलं गेलं: प्रौढ पुरुषांना मत नाकाराल तर त्या प्रमाणात जागा कमी. लिहिलं गेलं, पण ते राबवायचं यंत्र कुणी बसवलं नाही. कुणाला मत नाकारलं याची मोजणी कोण करणार, कधी करणार, कापणार कोण? त्या कलमाखाली आजवर एकाही राज्याची एकही जागा कापली गेली नाही.

दुसरा हिशेब जमिनीचा, आणि त्यात स्टीव्हन्स एकटा पडला. ६ सप्टेंबर १८६५ ला लँकेस्टरच्या भाषणात त्याने आकडे मांडले. बंडखोर राज्यांत ४६ कोटी ५० लाख एकर जमीन. दोनशे एकरांहून जास्त असणारे मालक सत्तर हजारांच्या आसपास आणि त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख एकर. तेवढीच घ्यायची, लहान शेतकऱ्याला हात लावायचा नाही. मुक्त झालेले प्रौढ पुरुष दहा लाख धरले तर प्रत्येकी चाळीस एकरप्रमाणे लागतात चार कोटी एकर. उरलेली ३५ कोटी ४० लाख एकर दहा डॉलर एकराने विकली तर ३५४ कोटी डॉलर. त्यातले ३० कोटी सैनिकांच्या आणि त्यांच्या वारसांच्या पेन्शनसाठी, २० कोटी ज्यांचं नुकसान झालं त्यांना, बाकी देशाच्या कर्जाला. किराणा दुकानदाराने वहीत मांडावा इतका सरळ हिशेब. त्याच्याच पक्षाने तो नाकारला. मालमत्तेला हात लावला की उद्या आपल्या गिरण्यांवर येईल ही भीती, आणि काळ्या माणसाने स्वतःच्या शेतात कापसाऐवजी मका पेरला तर सूतगिरण्यांचं काय ही दुसरी भीती. किनाऱ्यावर लष्कराने वाटलेली जमीनसुद्धा जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली. सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याच दारात राबायला जावं लागतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. दक्षिणेत पुढची शंभर वर्षं तेच झालं.

१३ जून १८६६ ला चौदावी दुरुस्ती सिनेटमधून बदल होऊन परत आली तेव्हा तिच्यात जमीन नव्हती, सरळ मतदानाचा हक्क नव्हता. स्टीव्हन्स ७४ वर्षांचा, पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. तो म्हणाला की तरुणपणापासून एक स्वप्न होतं, संधी आली तर सगळ्या संस्था अशा बदलू की माणसामाणसांत कसली पायरी उरणार नाही. ते स्वप्न विरलं. आता या जुन्या वाड्याच्या अगदी मोडक्या भागांना ठिगळं लावून समाधान मानायचं, बाकी ठिकाणी वादळवारा आत येतच राहणार. मग हे का स्वीकारतो? कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. १२० विरुद्ध ३२ मतांनी ठराव निघाला.

त्या ठिगळांत एक शब्दसमूह होता, ओहायोचा वकील जॉन बिंगहॅम याने लिहिलेला: कुठलंही राज्य कुठल्याही व्यक्तीला ‘कायद्याचं समान संरक्षण’ नाकारणार नाही. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की रेल्वेचे डबे वेगळे असले तरी समान असले म्हणजे झालं. ‘वेगळे’ हा शब्द कलमात कुठेही नव्हता. ‘सलग’ जसा १७८० च्या कायद्यात नव्हता तसाच. तो अर्थ पुसायला १९५४ उजाडलं. मधल्या काळात हेच शब्द समुद्र ओलांडून आपल्याकडे आले होते. १९५० च्या आपल्या संविधानाच्या चौदाव्याच अनुच्छेदात ते बसले आहेत. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतलं होतं आणि कायद्याने दिलेलं माणसं कसं काढून घेतात हे त्यांना शिकायला अमेरिकेला जावं लागलं नव्हतं.

जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात स्टीव्हन्स इतका थकलेला होता की दोघे जण त्याला खुर्चीसकट उचलून आणत. एका मताने महाभियोग फसला. जुलै १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्य केली आणि ११ ऑगस्टच्या मध्यरात्री वॉशिंग्टनच्या घरी तो गेला. लिडिया स्मिथ जवळ होती. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याला ठेवलं, त्याआधी तो मान हेन्री क्ले आणि लिंकन या दोघांनाच मिळाला होता. पहाऱ्याला काळ्या सैनिकांची तुकडी.

पुरायला मात्र लँकेस्टरच्या एका लहानशा दफनभूमीत नेलं. शहरातल्या मोठ्या दफनभूमींत त्याने आधी जागा घेतली होती; सनदेत काळ्यांना मज्जाव आहे हे कळल्यावर कागद परत केले. थडग्यावरचा मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला: मी या निवांत, एकाकी जागी पडलो आहे तो एकांताच्या आवडीने नव्हे, इतर दफनभूमी वर्णाच्या नियमांनी बांधलेल्या दिसल्या म्हणून मी ही निवडली, म्हणजे आयुष्यभर ज्या तत्त्वांसाठी बोललो ती मरणातही दाखवता येतील, निर्मात्यापुढे माणसाची समानता. त्याच १८६८ साली पुण्यात जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. पाच वर्षांनी ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांच्या मनात तेव्हा कोणाकोणाचे चेहरे असतील ते असोत. अर्पणपत्रिका वाचताना माझ्या डोळ्यांपुढे लँकेस्टरच्या अंगणातला तो भोक पाडलेला हौद येतो आणि शेजारी पुण्यातला उघडा हौद.

१८६७ सालचं त्याचं मृत्युपत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. व्हरमाँटमधल्या पीचम गावाला पाचशे डॉलर, त्याच्या व्याजातून आईच्या थडग्याची निगा राखायची आणि दर वसंतात चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि दुसरी प्रसन्न फुलं लावायची. पुतण्याने दारू सोडली तर त्याला मालमत्ता, नाही तर लँकेस्टरला अनाथ मुलांचं घर. त्या घरासाठी नियम: वर्णावरून कुणाला डावलायचं नाही, गरीब जर्मन, आयरिश, मुसलमान, कुणालाच आईबापांच्या जातिधर्मावरून बाहेर ठेवायचं नाही, सगळ्यांना एकाच वर्गात शिकवायचं, एकाच टेबलावर जेवू घालायचं. एका पंगतीला बसवायचं हे मृत्युपत्रात लिहावं लागतं हे त्याला कळत होतं, कारण नियमात जे लिहिलेलं नसतं तिथून काय काय आत शिरतं ते त्याने पाहिलं होतं. त्या पैशातून निघालेली संस्था लँकेस्टरमध्ये आजही तंत्रशिक्षण देते.

लिडिया स्मिथला वर्षाला पाचशे डॉलर किंवा एकरकमी पाच हजार, तिला हवं ते. त्याखाली घरातल्या सामानाबद्दल एक वाक्य आहे. टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाटं, इतक्या वर्षांत त्याचं काय आणि तिचं काय हे वेगळं सांगणं अवघड झालेलं. काही तिच्या पैशाचं, काही त्याच्या. स्टीव्हन्स लिहितो की मिसेस स्मिथ ज्या वस्तू आपल्या म्हणतील त्या त्यांना घेऊ द्याव्यात, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा, आणखी पुरावा मागू नये.